पेनाची गोलाई कोण देतं?

हातानं घडवलेल्या पेनाचं कौतुक करताना लोक बहुधा त्याच्या गोलाईचं कौतुक करतात. ते श्रेय हाताचं नाही. लेथ या यंत्रावर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरतो आणि टूल, म्हणजे कापणारं हत्यार, एका जागी धरलेलं असतं; त्यामुळे जॉब किती गोल उतरणार हे स्पिंडलचं, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग ठरवतं. बेअरिंग ढिलं असेल तर नाशिकमधल्या सगळ्यात तरबेज टर्नरच्या, म्हणजे लेथ चालवणाऱ्या कारागिराच्या, हातूनही गोल नळी निघणार नाही. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये साधा लेथ असो की संगणकावर चालणारा सीएनसी, गोलाई यंत्राचीच.

मग फरक कुठे पडतो? पहिला फरक टूल नेमकं कुठे न्यायचं यात. साध्या लेथवर चाक फिरवून टूल पुढे घेतात. स्क्रू आणि नट यांच्यात थोडा ‘प्ले’, म्हणजे ढिलेपणा, असतोच, म्हणून जाणता टर्नर नेहमी एकाच बाजूनं मापावर येतो. सीएनसीत जवळपास प्ले नसलेला बॉल स्क्रू आणि जागा ताडून फिरणारी सर्व्हो मोटर असल्यानं टूल पुन्हा पुन्हा त्याच जागी काही मायक्रॉनच्या फरकानं येतं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो.

टोपणाच्या आट्यांमध्ये ही ताकद दिसते. चांगल्या पेनाचं टोपण एक-दीड फेऱ्यात उघडतं, कारण तिथे तीन किंवा चार आटे शेजारी शेजारी कापलेले असतात. तीन आटे असतील तर प्रत्येकाची सुरुवात बरोबर १२० अंशांवर हवी. हेन्री मॉडस्लेनं १८०० च्या सुमारास आटे कापायचा लेथ बनवला, तेव्हापासून टूल स्लाइडवर बसलं आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, यंत्रानं सांभाळली. सीएनसीत स्पिंडलचा एन्कोडर कोन मोजतो आणि त्याच ठेक्यात टूल सरकतं. या कामात हातानं यंत्राशी बरोबरी करायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण पेनाचा माल पोलादासारखा वागत नाही. जुन्या चालीची पेनं एबोनाइटची असतात. नैसर्गिक रबरात भरपूर गंधक, साधारण तीस टक्के किंवा जास्तच, घालून ते तापवत ठेवलं की हा काळा, कडक पदार्थ तयार होतो. लेथवर कापताना गंधकाचा वास येतो तो म्हणूनच. पोलादाशी तुलना केली तर एबोनाइटचा ताठपणा ७० ते १०० पटींनी कमी. टूल टेकलं की बारीक रॉड मागे सरतो. चकबाहेर (जॉब पकडणाऱ्या जबड्याबाहेर) आलेली लांबी दुप्पट केली तर त्याच जोरानं तो आठपट वाकतो. टूल ठरल्या जागी पोहोचलं एवढं सीएनसीला कळतं; जॉब त्याच्यासमोरून सरकला हे कळत नाही.

टर्नरला ते चाकाच्या मुठीतून कळतं, त्याहून आधी कानाला कळतं. एका फेऱ्यात पृष्ठभागावर सूक्ष्म लाटा उठल्या, की पुढच्या फेऱ्यात टूल त्याच लाटांवर आदळतं, कंप वाढतो आणि जॉब ‘ओरडायला’ लागतो. याला चॅटर म्हणतात. आवाज चढताच टर्नर कट कमी करतो, स्पीड बदलतो, नाहीतर टूल काढून धार लावतो. धार असेल तर टूलवरून काळी लांब रिबन निघते. ती तुटून भुकटी पडायला लागली की धार गेली, हे मायक्रोमीटर लावण्याआधीच समजतं.

शेवटी तो बोट फिरवतो. स्टॉकहोममधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की, बोट सरकवत तपासलं तर माणसाला केवळ १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्याही गुळगुळीत पृष्ठभागापासून वेगळ्या ओळखता येतात. नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचाही हजारावा भाग. बोट नुसतं टेकवून हे होत नाही. सरकताना होणारं घर्षण आणि त्वचेत उठणारी थरथर यांतून ते जाणवतं. पॉलिश करताना टर्नर मध्येच थांबून अंगठा का फिरवतो, याचं उत्तर हे.

राहिला नाशिकचा उन्हाळा. जगभर मापं २० अंश सेल्सिअसला धरली जातात, हे १९३१ मध्ये ठरलं. आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये मात्र जानेवारीच्या सकाळी १० अंश आणि एप्रिलच्या दुपारी ३८ अंश सहज असतात. तेवढ्या फरकानं १३ मिलिमीटर व्यासाचं एबोनाइट साधारण ३० मायक्रॉन फुगतं, तर त्यावर बसवायची तेवढ्याच मापाची पितळी रिंग जेमतेम ७. थंडीत सहज बसणारी रिंग उन्हाळ्यात घट्ट वाटते. शिवाय एबोनाइटमधून उष्णता लवकर वाहून जात नाही. कापल्या कापल्या मोजलेला जॉब मोठा दिसतो आणि गार झाल्यावर मापाखाली जातो.

सीएनसीवर हा सगळा हिशेब ऑपरेटरच करतो. पहिला पीस काढायचा, गार होऊ द्यायचा, मोजायचा, मग ऑफसेट, म्हणजे टूलच्या जागेची दुरुस्ती, द्यायचा; टूल झिजेल तसा पुन्हा द्यायचा. म्हणून आयटीआयच्या दोन वर्षांच्या टर्नर ट्रेडमध्ये साध्या लेथचे तास कमी करून मुलांना थेट स्क्रीनसमोर उभं करावं, हा विचार मला पटत नाही. रिबन आणि भुकटी यांतला फरक ज्यानं स्वतः चाक धरून पाहिला आहे, त्याला माप चुकल्यावर ऑफसेट बदलायचा की टूल, हे ठरवता येतं.