फी नव्हती, तरी परवडत नव्हतं : कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांची पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे हायस्कुलानंतर दोन वर्षं शिकवणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजांत, राज्यातल्या विद्यार्थ्याला एका युनिटमागे (अभ्यासक्रम मोजायच्या एककामागे) ४६ डॉलर फी पडते. २०१२ पासून हा आकडा हललेला नाही. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणवून घ्यायला सहामाहीत १२ युनिट लागतात, म्हणजे ५५२ डॉलर. घरचं उत्पन्न कमी असेल तर तेही माफ. अमेरिकेतल्या शिक्षणाच्या खर्चाचे आकडे ऐकून ज्यांचे डोळे पांढरे होतात, त्यांना वाटेल की मग अडतंय कुठे?

पण याच कॉलेजांत आज शिधा वाटपाच्या खोल्या आहेत. लाँग बीच सिटी कॉलेजाने तर २०२१ मध्ये गाडीत झोपणाऱ्या विद्यार्थ्यांना रात्री आवारातच गाडी लावायची परवानगी दिली. सोबत सुरक्षारक्षक, स्वच्छतागृह आणि वायफाय. फी नसणं वेगळं आणि शिक्षण परवडणं वेगळं. या राज्याला हे आजच कळलंय असं नाही. तिथल्या विद्यार्थी साहाय्य योजनांचा सगळा इतिहास याच एका गोष्टीभोवती फिरतो.

सुरुवात १९०७ ची. त्या वर्षीच्या कायद्याने हायस्कुलांना बारावीपुढचे वर्ग काढायची मुभा दिली आणि १९१० मध्ये फ्रेस्नोत पहिले असे वर्ग भरले. मुलांनी घरी राहावं, दोन वर्षं जवळच शिकावं आणि मग जमलं तर विद्यापीठात जावं, एवढाच हिशोब होता. याला राज्याच्या धोरणाचं रूप आलं १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये. हायस्कुलातले वरचे साडेबारा टक्के विद्यार्थी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, वरच्या एक तृतीयांशातले स्टेट कॉलेजांना आणि दार सगळ्यांना उघडं असलेली ज्युनियर कॉलेजं (कम्युनिटी कॉलेजांचं तेव्हाचं नाव). या कॉलेजांत फी नाही, हे तत्त्व त्या आराखड्यात गृहीतच होतं.

आराखडा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आईवडिलांच्या घरी राहणारा, कोणीतरी जेवायला घालणारा, नुकताच हायस्कूल संपवलेला मुलगा होता. प्रत्यक्षात गरीब वस्त्यांमधून येणाऱ्या मुलाला बसभाडं, पुस्तकं आणि कॉलेजात बसल्यामुळे बुडणारी मजुरी या तिन्ही गोष्टी महाग होत्या. शिवाय हायस्कुलात नीट न शिकवलेलं गणित आणि इंग्रजी त्याला पहिल्याच सहामाहीत गाठायचं. दार उघडंच होतं, फक्त आत आलेला बऱ्याचदा त्याच वर्षी बाहेर पडायचा.

१९६५ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या वॉट्स या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत दंगल पेटली आणि हा विषय शिक्षणखात्याच्या फायलींतून बाहेर आला. पुढच्याच वर्षी कॉलेज ऑफ सॅन मटेओने कृष्णवर्णीय मुलांसाठी एक तयारीचा कार्यक्रम काढला. वस्तीत जाऊन मुलं गोळा करायची, शिकवणी द्यायची, येण्याजाण्याची आणि कामाची सोय लावायची. मुलं टिकली. १९६८ मध्ये त्याच कार्यक्रमाच्या पैशांवरून वाद पेटला आणि डिसेंबरमध्ये आवारात हाणामारीपर्यंत गोष्ट गेली. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजातला विद्यार्थ्यांचा प्रसिद्ध संपही याच हिवाळ्यातला.

या धगीत १९६९ मध्ये सॅन होजेचे सिनेटर आल्फ्रेड आल्क्विस्ट यांचं सिनेट बिल १६४ मंजूर झालं. सही गव्हर्नर रोनाल्ड रीगन यांची. विद्यार्थी आंदोलनांवर सगळ्यात जास्त तोफा डागणारा माणूस तोच, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी. या कायद्यातून जी योजना निघाली तिला आज सगळे ईओपीएस (एक्स्टेंडेड ऑपर्च्युनिटी प्रोग्राम्स अँड सर्व्हिसेस) म्हणतात.

कायद्यात एक वाक्प्रयोग पुन्हा पुन्हा येतो : कॉलेज एरवी जे देतं त्याच्या वर, त्याहून अधिक आणि त्याला जोडून. दिसायला कारकुनी भाषा, पण सगळी मेख तिथेच आहे. हा पैसा कॉलेजच्या नेहमीच्या खर्चात मुरवायचा नाही, असा त्याचा अर्थ. विद्यार्थ्याचं उत्पन्न कमी हवं आणि तो शैक्षणिकदृष्ट्या मागे पडलेला हवा, अशा दोन्ही अटी एकदम लावल्या गेल्या. त्याने सहसा पूर्णवेळ शिकायचं, परस्पर जबाबदारीच्या करारावर सही करायची आणि सहामाहीत तीनदा समुपदेशकाला भेटायचं. बदल्यात पुस्तकांसाठी व्हाउचर, शिकवणी आणि इतरांच्या आधी वर्ग नोंदवायचा हक्क. हा शेवटचा हक्क बाहेरच्याला क्षुल्लक वाटतो. पण ज्याला दुपारी दोनला कामावर हजर व्हायचंय त्याला सकाळचा वर्ग मिळाला नाही, तर त्याची सहामाही तिथेच संपते.

पुढे याच खोडाला फांद्या फुटल्या. १९८१ मध्ये हेवर्डच्या शाबो कॉलेजात पुएंते प्रकल्प सुरू झाला. त्यात लॅटिनो मुलांसाठी वर्षभराचा इंग्रजी लेखनाचा वर्ग, सोबत समुपदेशक आणि नोकरी-व्यवसायातला एक मार्गदर्शक. १९८२ मध्ये सरकारी मदतीवर जगणाऱ्या एकल पालकांसाठी केअर ही योजना आली. मूल सांभाळायला कोणी नसणं हे कॉलेज सुटण्याचं कारण असू शकतं, हे सरकारदरबारी मान्य झालं.

केंद्र सरकारचा पैसा मात्र वेगळ्या वाटेने आला. १९६४ च्या दारिद्र्यविरोधी कायद्यात विद्यार्थ्याला आवारात काम देऊन पगार द्यायची वर्क-स्टडी योजना होती. रयत शिक्षण संस्थेच्या ‘कमवा आणि शिका’शी परिचित असलेल्यांना यात नवं काही वाटणार नाही, कर्मवीर भाऊरावांनी ते कितीतरी आधी करून दाखवलं होतं. १९६५ चा उच्च शिक्षण कायदा लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासमधल्या सॅन मार्कोसला जाऊन, स्वतः शिकले त्या कॉलेजात सही करून दिला. १९७२ मध्ये थेट विद्यार्थ्याच्या हाती पडणारं अनुदान आलं. ते परत करायचं नसतं. सिनेटर क्लेबोर्न पेल यांच्या नावाने ते १९८० पासून पेल ग्रँट म्हणून ओळखलं जातं.

पेलमध्ये राहण्या-जेवण्याचा खर्च धरला जातो, ही कम्युनिटी कॉलेजांच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट. पण कॅलिफोर्नियाच्या वाट्याला इथेही वाकडंच आलं. सुरुवातीच्या नियमानुसार एकूण खर्चाच्या निम्म्याहून जास्त अनुदान मिळत नसे, म्हणजे कॉलेज जितकं स्वस्त तितकी मदत कमी. ही अट सैल होत गेली, तोवर दुसरी आली. फी फारच कमी असेल तर गरिबातल्या गरीब विद्यार्थ्याचं पेलसुद्धा कापलं जाई. फी कमी ठेवली म्हणून राज्यातल्या मुलांना दंड, असा हा न्याय २००७ च्या कायद्यापर्यंत चालू राहिला. आपण फुकट शिकवतो या अभिमानात राज्यानेही त्याकडे फार काळ काणाडोळा केला, असं माझं मत.

तोवर फुकटपणाही संपला होता. १९७८ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन १३ हा प्रस्ताव मंजूर करून मालमत्ता करावर मर्यादा घातली. ही कॉलेजं मुख्यतः त्याच स्थानिक करावर चालत. खर्चाचा भार राज्यावर गेला आणि १९८४ मध्ये पहिल्यांदा राज्यभर फी बसली, पूर्णवेळ विद्यार्थ्याला सहामाहीला ५० डॉलर. रक्कम किरकोळ, पण पटसंख्या घसरली. फीबरोबर फीमाफीही आली. नंतरचे आकडे राज्याच्या तिजोरीचा आलेखच : युनिटमागे १९९९ मध्ये ११ डॉलर, २००४ मध्ये २६, बरे दिवस आल्यावर २००७ मध्ये २०, मग २००९ ला २६, २०११ ला ३६ आणि २०१२ ला ४६.

फीमाफीने एक नवाच गुंता केला. तिचा राज्याचा अर्ज सोपा, पेलसाठी लागणारा केंद्राचा फाफ्सा हा अर्ज किचकट. पुष्कळ मुलं सोपा अर्ज भरून मोकळी व्हायची आणि घरभाड्याला उपयोगी पडणारं पेल तसंच सोडून द्यायची. आज पेलची कमाल मर्यादा वर्षाला ७,३९५ डॉलर आहे आणि फी माफ असेल तर ही सगळी रक्कम जगण्यासाठी हाती येते. २००३-०४ ला फी वाढवताना राज्याने आर्थिक साहाय्य कार्यालयांना जादा पैसे दिले, ते हे अर्ज भरून घेण्यासाठी.

२०१२ च्या कायद्याने ओळखवर्ग आणि अभ्यासाचा लेखी आराखडा सगळ्यांनाच लागू केला. त्याच कायद्यातल्या तरतुदीने २०१६ पासून लागोपाठ दोन सत्रं गुण किंवा प्रगती कमी पडली तर फीमाफी जाऊ लागली. ज्याला मदतीची सगळ्यात जास्त गरज त्याचीच मदत काढून घ्यायची, हे तर्कट मला अजून उमगलेलं नाही. नंतर जुन्या फीमाफीचं नाव कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँट झालं आणि २०१७ च्या कायद्याने पूर्णवेळ नवागतांसाठी कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस आणलं. दोन योजना, दोन अटी, जवळजवळ एकच नाव.

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या मराठी घरांना यातला एक कंगोरा चांगला ठाऊक आहे. केंद्राची मदत नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि मोजक्या इतर गटांनाच मिळते. ग्रीन कार्डाच्या रांगेत आईवडील वर्षानुवर्षं उभे असतील, तर एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावरच्या मुलाला पेल नाही, मग तो लहानपणापासून तिथेच शिकलेला का असेना. भारतातून थेट एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्याला तर परराज्याच्या दराने फी भरावी लागते, ती ४६ डॉलरच्या कितीतरी पट.

२०२१ च्या अर्थसंकल्पासोबतच्या कायद्याने प्रत्येक कम्युनिटी कॉलेजाला मूलभूत गरजांचं केंद्र काढणं बंधनकारक केलं. अन्न, निवारा, सरकारी योजनांचे अर्ज, सगळं एका छताखाली. त्याच सुमारास दुसरं संकट उभं राहिलं. प्रवेश सगळ्यांना, वर्ग ऑनलाइन आणि अनुदान रोख, हे हेरून टोळ्यांनी चोरलेल्या ओळखींवर खोटे विद्यार्थी भरायला सुरुवात केली. पेलचा हप्ता खात्यात पडला की ‘विद्यार्थी’ गायब. आता कॉलेजं ओळख पटवण्याच्या पायऱ्या वाढवत आहेत आणि धड पत्ता नसलेला, गाडीत झोपणारा खरा विद्यार्थी त्याच पायऱ्यांवर अडखळतोय.