कार्यकर्ता मेळावा व पक्ष अधिवेशन (सोलापूर)

गाव, प्रभाग आणि बूथ पातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना पक्षाने तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावून भरवलेली सभा. मेळावा, बैठक, शिबिर, अधिवेशन हे शब्द सोलापुरात सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. जुने कार्यकर्ते मात्र त्यांत फरक करतात. अधिवेशनाला प्रतिनिधी खालून निवडून यावे लागतात. तिथे मागच्या काळाचा अहवाल मांडला जातो, त्यावर चर्चा होते, ठराव होतात आणि नवी समिती निवडली जाते. मेळाव्याला निरोप पोचलेला कोणीही येतो, भाषणे ऐकतो आणि जेवून जातो. पत्रिकेवर ‘अधिवेशन’ छापून प्रत्यक्षात मेळावा भरवण्याची रीत एकाच पक्षाची नाही.

सोलापूर जिल्ह्यात ११ तालुके आणि ११ विधानसभा मतदारसंघ आहेत. लोकसभेचे मुख्य मतदारसंघ दोन : अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला सोलापूर आणि २००८ च्या पुनर्रचनेत तयार झालेला माढा. शहराचे राजकारण महापालिकेभोवती फिरते, ग्रामीण भागाचे साखर कारखाना, दूध संघ आणि जिल्हा परिषदेभोवती. म्हणून बहुतेक पक्षांचे येथे शहराध्यक्ष वेगळे आणि जिल्हाध्यक्ष वेगळे असतात. करमाळ्याच्या कार्यकर्त्याला शहरातल्या कार्यक्रमासाठी शंभर किलोमीटरहून जास्त यावे लागते. पत्रिकेवर सकाळी अकराची वेळ असली तरी एकपर्यंत खुर्च्या भरत नाहीत, त्याचे निम्मे कारण हे अंतर. उरलेले निम्मे व्यासपीठावरच्या मंडळींच्या गाड्या.

सभेला जमण्याची सवय या शहराला गिरण्यांनी लावली. १८७७ मध्ये सुरू झालेल्या ‘जुन्या मिल’नंतर येथे आणखी गिरण्या उभ्या राहिल्या, आणि पाळी सुटताना फाटकावर होणारी गेट मीटिंग ही कामगारांची राजकारणाची पहिली शाळा ठरली. मे १९३० मध्ये महात्मा गांधींच्या अटकेनंतर शहर पेटले, गोळीबार झाला, काही दिवस ब्रिटिश अंमल जवळपास नाहीसा झाला आणि मग लष्करी कायदा पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. कोणत्याही रंगाच्या पक्षाचा कार्यक्रम असो, सुरुवातीला चार हुतात्मा पुतळ्यांना हार घालायचा, हा शिरस्ता त्यामुळे पडला आहे.

प्रतिनिधींचे अधिवेशन म्हणजे काय, हे पाहायचे तर डाव्या पक्षांकडे जावे लागते. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाची पार्टी काँग्रेस, म्हणजे देशपातळीवरचे अधिवेशन, साधारणपणे तीन वर्षांनी भरते. तिच्याआधी शाखा, तालुका, जिल्हा आणि राज्य अशी अधिवेशनांची उतरंड पार पडते, आणि प्रत्येक पायरीवर सदस्यसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधी निवडले जातात. आधी ज्येष्ठ कॉम्रेडच्या हस्ते लाल बावटा फडकवतात, हुतात्म्यांना अभिवादन करतात, मग अध्यक्षीय मंडळ बसते आणि सचिव अहवाल वाचू लागतात. त्यानंतर दारे बंद होतात. सचिवपदावर सहसा तीनपेक्षा जास्त पूर्ण मुदती राहता येत नाही, हा नियम पक्षाने २०१२ मध्ये केला.

सोलापुरात या पक्षाचा पाया यंत्रमाग आणि विडी कामगारांत आहे. माजी आमदार नरसय्या आडम ऊर्फ आडम मास्तर यांच्या पुढाकाराने कुंभारी येथे विडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. शहराच्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बाया बहुतांशी तेलुगूभाषक आहेत आणि त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. अधिवेशनाचा दिवस म्हणजे त्या दिवसाच्या विड्या बुडाल्या. अशी बाई तिसऱ्या रांगेत मांडीवर अहवालाची झेरॉक्स घेऊन बसते. मराठी वाचायला जड जाते म्हणून शेजारणीकडून तेलुगूत एकेक परिच्छेद समजावून घेते, आणि पाळी आली की उठून एवढेच विचारते की पानाचा दर्जा खराब निघाला तर छाट, म्हणजे नाकारलेल्या विड्यांचा तोटा, आमच्याच माथी का? ठरावात तिचे वाक्य जसेच्या तसे येत नाही. पण सचिवाला उत्तराच्या भाषणात त्याला हात घालावाच लागतो. पक्षांतर्गत लोकशाहीचा याहून ठोस पुरावा या नोंदकाराला जिल्ह्यात दुसरा दिसलेला नाही. अर्थात नेतृत्वाने मांडलेले पॅनेल येथेही सहसा एकमतानेच निवडून येते, हेही नोंदवले पाहिजे.

सांगोल्यात शेतकरी कामगार पक्षाची रीत मेळावा आणि अधिवेशन या दोन्हींच्या मधली होती. गणपतराव देशमुख तेथून अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले, पहिल्यांदा १९६२ मध्ये. पक्षाची बैठक आणि गावकीची बैठक यांत तिथे फार अंतर नसे. चारा, पाणी, सूतगिरणी हेच विषय, आणि कार्यकर्ता ‘आबासाहेब’ म्हणून थेट बोलायला उठे.

संबोधनांवरून पक्ष आणि तालुका दोन्ही ओळखता येतात. ‘कॉम्रेड’ आणि ‘मास्तर’ पूर्व भागात, ‘मालक’ पंढरपूरकडे आणि शहराच्या जुन्या पेठांत, ‘दादा’ सगळीकडे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात मराठी भाषणाला टाळ्या पडतात, पण खरी बोलणी मंडपामागे कन्नडमध्ये होतात.

मोठ्या पक्षांच्या मेळाव्याची तयारी ‘डिजिटल’पासून सुरू होते. फलकाला येथे डिजिटलच म्हणतात. त्यावर कोणाचा फोटो केवढा आणि कितव्या ओळीत, यावरून मेळाव्याच्या आधीच दोन-चार रुसवे होऊन जातात. पुढे प्रास्ताविक, सत्कार, मनोगते, मार्गदर्शन आणि आभार हा क्रम ठरलेला. सत्काराला फेटा आणि सोलापुरी चादर. धनगर समाजातले कार्यकर्ते घोंगडे आणि काठी देतात. खरी कसोटी सूत्रसंचालकाची असते. व्यासपीठावरच्यांची नावे वाचत असताना खालून त्याच्याकडे चिठ्ठ्या येऊ लागतात : ‘अमुक भाऊंचे नाव राहिले’, ‘तमुक सरपंच पाठीमागे उभे आहेत’. दहा मिनिटांत माइकखाली चिठ्ठ्यांचा ढीग होतो. घाईत फाडलेल्या वहीच्या त्या कागदांवर मेळाव्याचे निम्मे राजकारण असते, कारण कार्यकर्त्याच्या गावात त्याचे वजन भाषणावर नव्हे, माइकवरून नाव पुकारले गेले की नाही यावर ठरते. ‘मनोगत’ दोन मिनिटांचे. त्यात ‘आम्ही काय नुसत्या सतरंज्या उचलायच्या का?’ हे वाक्य कोणी ना कोणी म्हणतोच. रोख बहुधा निवडणुकीच्या तोंडावर दुसऱ्या पक्षातून आणलेल्या उमेदवारावर असतो. व्यासपीठावरचे हसतात, टाळ्या सर्वांत जास्त त्यालाच पडतात, आणि शेवटी ‘उमेदवारीचे सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना’ हा ठराव टाळ्यांच्या गजरातच मंजूर होतो. सूचक आणि अनुमोदक आदल्या रात्रीच ठरलेले असतात.

असे ठराव इतिवृत्ताच्या वहीत पडून राहतात, असा समज होता. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम २९-अ नुसार पक्षाची नोंदणी होते आणि पक्षाच्या घटनेत अंतर्गत निवडणुकांची तरतूद असावी, असा निवडणूक आयोगाचा आग्रह असतो. बहुतेक ठिकाणी हे कागदोपत्री उरकले जाई. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली आणि पक्षाची घटना कोणती, पदाधिकारी निवडले कोणी, हे प्रश्न आयोगापुढे आले. दोन्ही गटांनी कार्यकर्त्यांची प्रतिज्ञापत्रे गठ्ठ्यांनी सादर केली. १७ फेब्रुवारी २०२३ च्या निकालात आयोगाने नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे गटाला दिले, आणि पक्षाच्या २०१८ च्या घटनेवर अंतर्गत लोकशाहीच्या अभावाचा ठपका ठेवला. मेळाव्यात हात वर करून घरी जाणाऱ्या शाखाप्रमुखाच्या सहीला किंमत आली ती अशी.

महापालिकेत २०१७ साली १०२ नगरसेवक निवडून आले होते. त्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्या काळात नगरसेवक नसल्याने प्रभागातली गाऱ्हाणी थेट पक्षाच्या कार्यकर्त्याच्या दारात येऊ लागली. शहरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येते, आणि उजनीची जलवाहिनी हा वर्षानुवर्षे चघळला गेलेला विषय आहे. मेळाव्याच्या विषयपत्रिकेत तो नसला तरी चहाच्या गाडीजवळ हमखास निघतो. कार्यकर्ता खिशातून घडी घातलेले निवेदन काढतो, नेता गाडीत बसता बसता त्यावर ‘योग्य कार्यवाहीसाठी’ असे लिहून सही करतो. तोवर मंडपवाल्याची पोरे खुर्च्या एकात एक घालू लागलेली असतात.