तोंडी संयुक्त विकास करार

जमीन एकाची, बांधकामाचा पैसा दुसऱ्याचा आणि तयार सदनिकांत किंवा विक्रीच्या रकमेत दोघांचा हिस्सा, असा व्यवहार दस्त न करता नुसत्या शब्दावर ठरला की त्याला तोंडी संयुक्त विकास करार म्हणतात. लेखी असेल तर महाराष्ट्रात त्याचे नाव ‘विकसन करारनामा’. बिल्डर आणि दलाल मात्र तोंडी असो वा लेखी, दोन्ही प्रकारांना ‘जेव्ही’ (जॉइंट व्हेंचर) च म्हणतात. नात्यागोत्यात, जुन्या ओळखीत किंवा मुद्रांक शुल्क तूर्त टाळायचे म्हणून ‘आधी नकाशे मंजूर होऊ द्या, मग कागद करू’ असे ठरते. पुढचा तंटा याच ‘मग’मध्ये दडलेला असतो.

तोंडी करार मुळातच बाद, ही समजूत चुकीची आहे. दुसऱ्या एखाद्या कायद्याची सक्ती नसेल तर भारतीय करार अधिनियम, १८७२ लेखाचा आग्रह धरत नाही. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. विक्री करण्याचा करार मात्र तोंडी असू शकतो. ब्रिज मोहन विरुद्ध सुग्रा बेगम (१९९०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले आणि सोबत मेखही मारून ठेवली: दोघांचे पक्के एकमत झाले होते हे सिद्ध करण्याचा भार दावा आणणाऱ्यावर, आणि तो भार जड आहे. नुसता ताबा मिळून भागत नाही. घेतलेला ताबा टिकवणारे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३क चे संरक्षण लेखी करारालाच मिळते आणि २००१ च्या दुरुस्तीनंतर तो नोंदलेलाही लागतो.

गाडी अडते ती तपशिलात. ‘साठ-चाळीस ठरलं होतं’ हे दोघेही शपथेवर सांगतात. पण साठ कशाचे? चटईक्षेत्राचे, सदनिकांचे की विक्रीच्या पैशाचे? नंतर टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) चढवून दोन मजले वाढले तर ते कोणाचे? भाडेकरूंना हलवायचा खर्च कोणाच्या वाट्याचा? बैठकीत हे कोणी बोललेलेच नसते, आणि जे ठरलेच नाही ते कोर्ट ठरवून देत नाही. मग पुरावा म्हणून पुढे येतात इसाराचा चेक, वास्तुविशारदाला दिलेल्या फीची पावती, नकाशावरची जागामालकाची सही, व्हॉट्सॲपवरचे ‘ओके शेठ’. यांतून पैसे दिले-घेतले हे दिसते. कशासाठी, हे दिसेलच असे नाही. तोच चेक जागामालक हातउसने म्हणून दाखवतो. लेखी लवादकलम नसल्याने लवादाची वाटही बंद, त्यामुळे दिवाणी कोर्टाच्या तारखा.

या प्रश्नाचा सर्वात गाजलेला निकाल लंडनचा आहे: कॉब विरुद्ध योमन्स रो मॅनेजमेंट. नाइट्सब्रिजमधली सदनिकांची इमारत पाडून तिथे सहा घरे बांधायची होती. विकासकाने स्वखर्चाने नियोजन परवानगी आणायची, मग जागा त्याला १ कोटी २० लाख पौंडांना विकायची आणि बांधलेल्या घरांची विक्री २ कोटी ४० लाखांपुढे गेली तर वरच्या रकमेचा निम्मा हिस्सा मालक कंपनीला, असे तोंडी ठरले. २००४ मध्ये परवानगी हाती आली आणि कंपनीने भाव २ कोटींवर नेला. खालच्या कोर्टांनी विकासकाला परवानगीमुळे वाढलेल्या किमतीचा निम्मा भाग, २० लाख पौंड, दिला. जुलै २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, तो काढून घेतला आणि केवळ श्रम व खर्चाचा मोबदला ठेवला. इंग्लंडमध्ये १९८९ पासून जमिनीचा करार लेखी आणि सहीचाच लागतो. दोघेही व्यवहारात मुरलेले, शब्द कायद्याने बांधत नाही हे दोघांना ठाऊक, मग विश्वासाने फसलो असे म्हणता येत नाही, हा लॉर्डांचा तर्क. तर्काला चूक नाही, तरी कंपनीचे वागणे वाचताना कडवट वाटतेच.

योगायोगाने त्याच महिन्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फकीरचंद गुलाटी प्रकरणात दिल्लीतील एका लेखी कराराबद्दल सांगितले की, ‘संयुक्त उपक्रम’ असे नाव दिल्याने व्यवहार तसा होत नाही. नफा-तोटा आणि नियंत्रण दोन्हींत वाटा नसेल तर जागामालक हा ग्राहक आणि बिल्डर हा सेवा देणारा. तोंडी व्यवहारात तर नावाचाही आधार नसतो.

काही जण ‘आम्ही भागीदार होतो’ असा पवित्रा घेतात. भागीदारीही तोंडी होऊ शकते, पण नोंदणी नसलेल्या संस्थेने दावा लावायचा म्हटला की भागीदारी अधिनियमाचे कलम ६९ आडवे येते. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने हिशेबाच्या दाव्यालाही अटकाव केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. त्यामुळे आज निदान हिशेब मागता येतो.

प्रत्यक्ष पूर्ततेच्या, म्हणजे ठरलेला करार पाळायला लावण्याच्या, दाव्याची मुदत तीन वर्षे. तारीख ठरलेली नसेल तर नकार कळल्यापासून मोजायची, म्हणून ‘नाही’ नक्की कधी म्हटले यावरही साक्षीपुरावे रंगतात. दरम्यान जागामालक दुसरा बिल्डर गाठतो. त्याचा वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो, ‘हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवावे’, आणि पहिल्या बिल्डरला आपला व्यवहार मोडल्याचे तिथे कळते. त्याने दावा लावला तरी मुंबईत, मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या १९३९ च्या दुरुस्तीनुसार, दावा प्रलंबित असल्याची सूचना दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. न नोंदवल्यास नव्या खरेदीदाराविरुद्ध तो नुसत्या दाव्याचा आधार घेऊ शकत नाही.