रोबो टेबलाच्या पायाला धडकला, पुढे काय?

माझी भाची सात वर्षांची. फरशीवर पुस्तकं उभी करून तिने बोगदा केला होता आणि पाठीवर बाणांची बटणं असलेला एक छोटा रोबो तिला त्या बोगद्यात घालायचा होता. रोबोचं तोंड तिच्याकडे, बोगदा तिच्या उजव्या हाताला. तिने पुढे, उजवीकडे, पुढे अशी बटणं दाबली, मग सुरू करायचं बटण दाबलं. रोबो तिच्या डाव्या हाताला वळला आणि टेबलाच्या पायावर जाऊन आपटला.

"मामा, ह्याला उजवं-डावंच कळत नाही!"

मी काही बोललो नाही. (बोलायचा मोह कसाबसा आवरला, हे जास्त खरं.) तिने पुन्हा तीच बटणं दाबली, रोबो पुन्हा आपटला. मग ती उठली, रोबोच्या मागे जाऊन उकिडवी बसली, त्याचं तोंड होतं तिकडेच आपलं तोंड केलं आणि उजवा हात लांब केला. "अय्या, त्याचं उजवं म्हणजे माझं डावं!"

प्राथमिक शाळेतल्या मुलासाठी कोडिंगचं खेळणं कोणतं घ्यावं, असं कोणी विचारलं की मला तो टेबलाचा पाय आठवतो. खोक्यावर किती सेन्सर, किती दिवे, किती आवाज हे ठळक छापलेलं असतं. मूल चुकलं की काय होतं, हे कुठेच नसतं आणि पाहायचं असतं तेच. चूक डोळ्यांना दिसायला हवी, ती कुठे झाली हे शोधता यायला हवं आणि मुलाला ती आपल्या हाताने दुरुस्त करता यायला हवी.

पहिली चाळणी सोपी आहे. बटण दाबताक्षणी हलतं ती रिमोटची गाडी, मग खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. प्रोग्राम म्हणजे सगळ्या सूचना आधी द्यायच्या, मग हात मागे घ्यायचा आणि काय होतं ते बघायचं. रिमोटच्या गाडीत चूक होता होताच बोटं ती सावरून घेतात, डोक्यापर्यंत ती पोचतच नाही.

ही खेळणी वाटतात तेवढी नवी नाहीत. १९६७ साली अमेरिकेत सीमोर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो नावाची संगणकभाषा तयार केली. थोड्याच काळात लोगोच्या सूचनांवर जमिनीवर फिरणारं, पेनने मागे रेघ ओढत जाणारं यांत्रिक कासव आलं. पॅपर्ट मुळात गणितज्ञ, पण जिनिव्हात झाँ पियाजे या बालमानसशास्त्राच्या अभ्यासकाबरोबर त्यांनी काही वर्षं काम केलं होतं. त्यांचा आग्रह असा, की अडलं तर मुलाने स्वतःच कासव व्हावं आणि चालून बघावं. वर्तुळ कसं काढायचं? थोडं पुढे, थोडं वळ, पुन्हा थोडं पुढे, पुन्हा थोडं वळ. पाय हे आधी शोधून काढतात, डोकं मागून येतं. माझी भाची रोबोच्या मागे जाऊन बसली, तेव्हा ती नेमकं हेच करत होती.

मला मात्र या सगळ्या इतिहासात रेडिया पर्लमन जास्त आवडतात. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात शिकत असताना त्यांनी अजून वाचताही न येणाऱ्या मुलांसाठी कासव चालवायचं एक यंत्र केलं. त्यात ओळीने खाचा होत्या. प्रत्येक खाचेत एका सूचनेचं कार्ड खोचायचं. कासव चालू लागलं की जी सूचना पाळली जात असेल, तिच्या खाचेपाशी दिवा लागायचा. चूक कुठल्या कार्डात आहे हे मुलाला तिथेच दिसायचं. ते कार्ड उपसायचं, दुसरं खोचायचं. (याच पर्लमननी पुढे १९८५ मध्ये संगणकांच्या जाळ्यात माहिती गोल गोल फिरत राहू नये म्हणून एक पद्धत शोधली. ती जगभर वापरली गेली.)

पन्नास वर्षांपूर्वीची ही दिव्याची युक्ती आजच्या कितीतरी चकचकीत रोबोंमध्ये नाही. बी-बॉटसारख्या पाठीवर बटणं असलेल्या रोबोत प्रोग्राम त्याच्या पोटात जातो आणि दिसेनासा होतो. वर जुन्या सूचना पुसायचं बटण दाबायचं राहिलं, तर आधी कालचा प्रवास आणि मग आजचा. मूल चक्रावून जातं. उपाय कागदाचा आहे: बाणांच्या चिठ्ठ्या करायच्या, आधी जमिनीवर ओळीने मांडायच्या आणि त्यांच्याकडे बघून बटणं दाबायची. रोबो चुकला की चिठ्ठीवर बोट ठेवत चालायचं. क्युबेटो आणि किबो या खेळण्यांत ही सोय मुळातच आहे. क्युबेटोच्या पाटीत रंगीत ठोकळे ओळीने बसवायचे, किबोमध्ये लाकडी ठोकळ्यांवरचे बारकोड रोबोला दाखवायचे. प्रोग्राम समोर पडलेला, हात लावता येईल असा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मी पडद्यावरच्या ॲपपेक्षा हेच देईन. पण घरात टॅब्लेट असेलच, तर २०१४ साली आलेलं स्क्रॅच ज्युनियर हे कोडिंगचं ॲप फुकट आहे आणि त्याला वाचता येण्याचीही गरज नाही.

यातून मूल हुशार होतं का? १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजात रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी लोगो शिकलेल्या मुलांना नियोजनाची कामं देऊन पाहिली. वर्षभर लोगो शिकूनही ती इतर मुलांपेक्षा सरस ठरली नाहीत. उत्साहावर पाणीच. पण डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर यांनी दुसरी वाट धरली. चूक शोधायची पद्धत त्यांनी मुलांना मुद्दाम शिकवली: काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक कोणता, तो कुठल्या सूचनेमुळे आला असेल. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात ही मुलं संगणकाबाहेरही, म्हणजे नकाशावरून वाट सांगणाऱ्या लेखी सूचनांतसुद्धा, चुका जास्त चांगल्या शोधू लागली होती. खेळणं घेताना मी धडकेकडे का बघतो, ते आता लक्षात आलं असेल.

एक चूक मात्र मुलाची नसते आणि ती ओळखता येणं मोठ्यांनाही जड जातं. समजा रोबोने ९० अंशांऐवजी ८८ अंशच वळण घेतलं. दोन अंश म्हणजे काय मोठंसं? पण तसाच तो मीटरभर पुढे गेला, की साडेतीन सेंटिमीटर बाजूला सरकलेला असतो. चार वळणांत फरक आठ अंशांचा होतो आणि मीटरभरात सरकणं १४ सेंटिमीटरवर जातं. प्रोग्राम अचूक, रोबो भलतीकडे. कारणं साधी असतात: गालिचावर चाक फिरतं पण घसरतं, चाकात केस अडकतो, बॅटरी उतरली की मोटर मंदावते. जे रोबो अंतर नुसत्या वेळेवर मोजतात, म्हणजे 'दोन सेकंद चाल' एवढंच जाणतात, त्यांना उतरलेली बॅटरी फार भोवते. चाकाचे फेरे मोजणारा रोबो त्या मानाने भरवशाचा. दुकानात निवडताना एकच चाचणी करा: पुढे, उजवीकडे हे चार वेळा. निघाला तिथेच परत आला पाहिजे. पार भलतीकडे जाऊन थांबत असेल तर ठेवून द्या. नाहीतर मूल आपली नसलेली चूक शोधत बसतं.

मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की रोबोला निदान एक सेन्सर हवा. इथे 'जर-तर' सुरू होतं: समोर काही आलं तर थांब. सेन्सरच्या चुका तर फारच रंजक. इन्फ्रारेड सेन्सर आपला अदृश्य प्रकाश टाकतो आणि परत येईल त्याची वाट बघतो. काळा कपडा तो प्रकाश बऱ्याचदा शोषून घेतो, म्हणून पांढऱ्या भिंतीपाशी शहाण्यासारखा थांबणारा रोबो काळ्या पँटच्या पायावर खुशाल चढतो. उन्हातही इन्फ्रारेड असतं, त्यामुळे खिडकीपाशी तो उगाचच बावचळतो. हे सगळं मुलाला शोधू द्यावं. थोड्या मोठ्या मुलांना २०१६ साली ब्रिटनमध्ये आलेला मायक्रोबिटही चालेल. प्रोग्राम करता येणारी २५ दिव्यांची ही छोटी पाटी स्वतः हलत नाही, पण तिला बरंच जोडता येतं.

बाकी सूचना थोडक्यात. ॲपशिवाय हूं की चूं न करणारं खेळणं ॲपच्या मर्जीवर जगतं आणि ॲप कंपनीच्या. कोझमो रोबो बनवणारी अँकी कंपनी २०१९ मध्ये बंद पडली, लेगोने १९९८ पासूनची माइंडस्टॉर्म्स ही रोबोंची मालिका २०२२ अखेर थांबवली. मायक्रोफोन असेल तर आवाज कुठे जातो ते आधी विचारा. जर्मनीने २०१७ मध्ये अशाच एका बोलक्या बाहुलीवर बंदी घातली होती. आणि लहान भावंडं असतील तर बटणाएवढ्या बॅटरीचं झाकण स्क्रूने घट्ट बसतंय ना, हे पाहाच. गिळलेली अशी बॅटरी दोन तासांत अन्ननलिका भाजून काढू शकते.

शिवाय खरेदीआधी काही दिवस स्वतःच रोबो होऊन बघा. मूल सांगेल तेवढंच, तसंच करायचं. मी झालो होतो. भाची म्हणाली, "पुढे चाल." किती पावलं ते सांगायला ती विसरली, म्हणून मी कपाटाला नाक लागेपर्यंत गेलो आणि तिथेच पाय आपटत राहिलो. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "थांब. मागे ये. चार पावलं पुढे, मग वळ..." आणि कुठे वळ ते सांगण्याआधी ती उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली.