फुगडी, रुथेनियम अन् गुलाबी बोंडअळी

परवा मामाच्या कपाशीसाठी कॉटन मार्केटमधे कामगंध सापळे घ्यायला गेलो, तर दुकानदार म्हणतो, "भाऊ, बिनधास्त लावा, यात केमिकल नाही." अरे बावा, त्या रबराच्या बारक्याशा ल्यूरमधे केमिकलच तर असतं! बोंडअळीची मादी पतंग नराला बोलवायला जो वास सोडते तो १६ कार्बनच्या साखळीचा अ‍ॅसिटेट आहे, त्यात दोन डबल बॉन्ड (शेजारच्या दोन कार्बनमधला दुहेरी बंध), एक सातव्या कार्बनला अन् एक अकराव्याला. डबल बॉन्डपाशी साखळी एकतर वाकते नाहीतर सरळ जाते; सातव्याचा वाक ठरलेला, अकराव्याचा दोन प्रकारचा, निम्मा-निम्मा. "केमिकल फ्री" लिहिलं की माल खपतो, बाकी काही नाही.

पण असा डबल बॉन्ड कारखान्यात पाहिजे तिथंच कसा बसवायचा? एक रस्ता म्हणजे ओलेफिन मेटाथेसिस, म्हणजे डबल बॉन्डवाल्या रेणूंनी जोडीदार बदलणं, आपल्या फुगडीसारखं.

फुगडीत दोघी दोन्ही हात धरतात, तो झाला डबल बॉन्ड. एका जोडीत रुथेनियमबाई (हा एक धातू) अन् एक कार्बन, दुसऱ्या जोडीत दोन्ही कार्बन. जोड्या जवळ आल्या की प्रत्येकीनं एक हात सोडून समोरच्या जोडीतलीचा धरायचा, झाला चौघींचा चौकोन. मग चौकोन सुटतो, पण दुसऱ्या बाजूनं, म्हणजे रुथेनियमबाईला नवी जोडीदारीण अन् जुनीला नवी मैत्रीण. हे १९७१ मधे फ्रान्सच्या शोवँनी मांडलं, त्याआधी लोकांना वाटायचं की कार्बनच्या दोन जोड्या आपसातच अदलाबदल करतात, धातू नुसता मधे उभा. पुढे श्रॉकनी मॉलिब्डेनम धातूचे कॅटॅलिस्ट (ही अदलाबदल घडवून आणणारे पदार्थ) बनवले, जोरदार, पण हवा अन् ओल लागली की खराब. रुथेनियमचं तसं नाही, त्याला ऑक्सिजनवाल्या गटांपेक्षा डबल बॉन्ड जास्त आवडतो, म्हणून आजूबाजूला अल्कोहोल-अ‍ॅसिड असलं तरी ते आपलं काम करतं. ग्रब्जनी १९९२ पासून ते सुधारत नेलं, २००५ चं नोबेल तिघांना.

आता माझा आवडता भाग. पहिल्या पिढीच्या जांभळ्या कॅटॅलिस्टमधे रुथेनियमवर दोन क्लोरीन, दोन फॉस्फीन (फॉस्फरसवाले गट) अन् एक कार्बन असतो. एक फॉस्फीन सुटलं की रुथेनियमभोवतीचे इलेक्ट्रॉन १६ चे १४ होतात, मोकळ्या जागेवर डबल बॉन्ड येऊन बसतो. १९९९ च्या दुसऱ्या पिढीत एका फॉस्फीनच्या जागी नायट्रोजनवाला कार्बीन (कार्बनचा एक गट) लावला, कॅटॅलिस्ट कितीतरी जोरात चालायला लागला. सगळ्यांना वाटलं उरलेलं फॉस्फीन पटकन सुटत असेल, मोजलं तर ते उलट हळू सुटत होतं! फक्त एकदा सुटलं की रिकाम्या जागेवर परत फॉस्फीन बसायच्या आत डबल बॉन्ड घुसतो. बसमधे उतरणारा वेळ लावतो पण सीटवर रुमाल टाकणारा तयारच असतो, तसं.

हे सगळं उलटंही फिरू शकतं, पण टोकाचे डबल बॉन्ड वापरले की इथिलीन निघतो, केळी पिकवतात तोच गॅस, तो बुडबुडे काढत उडून जातो अन् परत यायला कोणी उरत नाही. वाकाचीच भानगड राहते, साधा रुथेनियम सरळ साखळीचा माल जास्त देतो अन् पतंगांना बरेचदा वाकलेला लागतो. तो वाक सांभाळणारे रुथेनियम कॅटॅलिस्ट वापरून ग्रब्जच्याच लॅबनं २०१३ मधे किड्यांचे बरेच कामगंध बनवून दाखवले.

मामानं एकरी दोन सापळे टांगलेत. रोज सकाळी पतंग मोजतो, सापळ्यात सलग तीन दिवस आठ-आठ आले की फवारणी, तोवर पंप घरातच.