तिजोरीच्या किल्ल्या साधूच्या कनवटीला

इटलीतल्या सिएना शहराच्या अभिलेखागारात रंगवलेल्या लाकडी फळ्या जपून ठेवल्या आहेत. एकेकाळी त्या नगराच्या जमाखर्चाच्या वह्यांची वेष्टने होत्या. उरलेल्यांतली सर्वांत जुनी १२५८ सालची. तिच्यावर एक साधू वही उघडून बसला आहे. हा डॉन उगो, सान गाल्गानोच्या सिस्टर्शियन (ख्रिस्ती साधूंचा एक पंथ) मठातला, आणि त्या सहामाहीपुरता सिएनाचा खजिनदार.

दारिद्र्याचे व्रत घेतलेल्याच्या हाती गावाची तिजोरी! पण तेव्हाची इटालियन शहरे पाहिली की हे पटते. पोपच्या बाजूचे ग्वेल्फ, सम्राटाच्या बाजूचे गिबेलिन, आणि त्याखाली घराण्याघराण्यांची जुनी वैरे. कोणाही नागरिकाला खजिनदार नेमा, निम्म्या गावाला वाटणार की पैसा याच्या भाऊबंदांकडे वळणार. साधूला बायकामुले नाहीत, पेढी नाही, मुलीच्या हुंड्याची काळजी नाही. शिवाय मठाच्या शेतीवाडीचा हिशेब ठेवून हात बसलेला. तोही सोपा नव्हे: १ लिरा म्हणजे २० सोल्दी, १ सोल्दो म्हणजे १२ देनारी, आणि आकडे रोमन. रुपये-आणे-पैची बेरीज केलेल्या आपल्या आजोबांनी त्या साधूला नक्की दाद दिली असती.

आज अर्थशास्त्रात याला ‘मालक आणि प्रतिनिधी’ यांचा प्रश्न म्हणतात. दुसऱ्याचा पैसा हाताळणाऱ्याचा स्वार्थ आवरायचा कसा? सिएनाने आधी स्वार्थाची कारणेच कमी असलेला माणूस निवडला. त्यावरही विसंबून न राहता मुदत सहा महिन्यांचीच ठेवली आणि सोबत चार नागरिक अधिकारी बसवले. माझ्या मते खरी हुशारी या दुसऱ्या भागात आहे.

हिशेबी साधूंना इतर कामेही मिळत. सिएनाच्या कॅथेड्रलच्या संगमरवरी व्यासपीठासाठी १२६५ साली शिल्पकार निकोला पिसानोशी करार केला तो फ्रा मेलानोने. तोही सिस्टर्शियनच. फ्लोरेन्सची तिजोरी जवळच्या सेत्तिमो मठातल्या साधूंकडे असे. पुढे तिथे पदाधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडू लागले, तेव्हा नावांच्या थैल्या फ्रान्सिस्कन या दुसऱ्या साधुपंथाच्या सांता क्रोचे चर्चमध्ये राहत.

याच फ्लोरेन्सने १२६६ साली दोन धर्मबंधूंना एकत्र नगरप्रमुख केले: बोलोन्याचे कातालानो आणि लोदेरिंगो, एक ग्वेल्फ, दुसरा गिबेलिन. कल्पना समतोलाची होती. मात्र त्यांच्या पंथात लग्न करून घरीच राहायची मुभा होती. लोक त्यांना ‘मौजी बंधू’ म्हणत. म्हणजे झगा साधूचा, गोतावळा आणि पक्ष जिथल्या तिथे. वर्ष सरायच्या आत शहर पेटले आणि दोघांचा कारभार आटोपला. कवी दांतेने आपल्या महाकाव्यातल्या ‘नरका’त त्यांना ढोंग्यांच्या रांगेत चालायला लावले आहे. अंगावर झगेच, बाहेरून सोन्याचा मुलामा, आतून शिसे.