आधी बांधा, मग उडवा

परवा रात्री बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या ताईच्या घरी भाच्याचं रॉकेट चौथ्यांदा कोसळलं. संगणकाच्या पडद्यावर, अर्थात. अकरा किलोमीटरपर्यंत नीट चढलं, मग नाक एका बाजूला कललं, कोलांटी उडी घेतली आणि तुकडे झाले.

"मामा, मोठं इंजीन लावू?"

"इंजीन राहू दे. पंख कुठे लावलेस ते बघ."

पंख नाकाजवळ लावले होते, छान दिसतात म्हणून. दिवाळीत काडी मोडलेलं रॉकेट बाटलीत ठेवून ज्याने उडवलंय, त्याला पुढचं सांगायला नको. ते वर न जाता समोरच्यांच्या गॅलरीत जातं. वजनाचा मध्य पुढे आणि हवेचा जोर मागे, असं असेल तरच रॉकेट आपोआप सरळ राहतं. काडी तेच काम करते आणि शेपटाचे पंखही तेच. भाचा खेळतो त्या 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम'मध्ये बांधणीच्या शेडमध्ये हे दोन मध्य दोन गोळ्यांनी दाखवता येतात, वजनाचा पिवळा आणि पंखांवरच्या हवेच्या जोराचा निळा. निळा पिवळ्याच्या वर दिसला की समजावं, कोलांटी ठरलेली.

पंख कुठे लावायचे हे खेळणाऱ्यालाच विचारणारा खेळ गाजायला चाळीसेक वर्षं लागली. तोवर यान आयतं मिळायचं आणि आपण फक्त चालवायचं.

आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला जुलै १९६९ मध्ये. त्याच वर्षीच्या पानगळीत मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनच्या शाळेत शिकणाऱ्या जिम स्टोरर या मुलाने शाळेच्या पीडीपी-८ संगणकावर चंद्रावर उतरण्याचा खेळ लिहिला. चित्र एकही नाही. टेलिटाइप या टंकयंत्रासारख्या यंत्राच्या कागदावर उंची, वेग आणि उरलेलं इंधन छापून यायचं आणि पुढच्या दहा सेकंदांत किती इंधन जाळायचं तो आकडा आपण टंकायचा. बस्स, एवढाच खेळ. चुकलात तर चंद्रावर किती खोल खड्डा पडला तेही छापून यायचं. पुढे तो बेसिक या संगणकाच्या भाषेत उतरला, पुस्तकात छापला गेला आणि घरोघरच्या संगणकांवर पोचला. १९७९ मध्ये अटारीने त्याच कल्पनेवर रेषांच्या चित्रांचं आर्केड यंत्र काढलं. गंमत म्हणजे स्टोररच्या मूळ प्रोग्रॅममध्ये एका ठिकाणी दोनने भागायचं राहिलं होतं. त्यामुळे अगदी शेवटच्या क्षणी इंजीन पेटवून इंधन वाचवायची युक्ती तिथे चालत नसे. यान टेकलं तरी खेळाला ते कळायचंच नाही. ही चूक कोणाच्या तरी लक्षात यायला २०२४ साल उजाडलं.

मधली वर्षं मी भराभर ओलांडतो. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टचा 'स्पेस सिम्युलेटर' आला. २००० मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या मार्टिन श्वायगर यांनी 'ऑर्बिटर' फुकट उपलब्ध करून दिलं. ऑर्बिटरचं गणित पक्कं. कक्षा बदलायची, दुसऱ्या यानाला गाठायचं, वातावरणात परतायचं, सगळं खऱ्या नियमांनी आणि पृथ्वीच्या खऱ्या मापांत. स्वतःचं यान आणता यायचं, पण त्यासाठी फाइली लिहाव्या लागत आणि यानाला वेगळं वागवायचं तर थेट सी प्लस प्लस या संगणकाच्या भाषेत शिरावं लागे. म्हणजे प्रयोग करायचा अधिकार प्रोग्रॅमरला, बाकीच्यांनी पायलट व्हायचं. मी स्वतः ऑर्बिटरमध्ये कित्येक रात्री घालवल्या आहेत, त्यामुळे हे तक्रार म्हणून म्हणत नाही.

बदल मेक्सिको सिटीत झाला, तोही एका मार्केटिंग कंपनीत. स्क्वाड नावाच्या या कंपनीत काम करणाऱ्या फेलिपे फालांगे या ब्राझिलियन तरुणाला नोकरी सोडून खेळ करायचा होता. मालक म्हणाले, इथेच कर. लहानपणी तो फटाक्यांच्या रॉकेटांवर चांदीच्या कागदाची माणसं बसवून उडवायचा आणि त्या माणसांना कर्बल म्हणायचा. हा उद्योग आपल्यापैकी किती जणांनी केलाय! फक्त आपण त्याला नाव दिलं नाही. २४ जून २०११ रोजी 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम'ची पहिली सार्वजनिक आवृत्ती निघाली. तीत जायला चंद्रसुद्धा नव्हता. टाक्या, इंजिनं आणि जोडण्या मिळायच्या. एकावर एक रचा, पेटवा आणि काय होतं ते बघा. चंद्र नंतर आला. डिसेंबर २०१२ च्या आवृत्तीत दोन यानं एकमेकांना जोडण्याची सोय आली आणि पुढचा धक्का कुठे, किती द्यायचा याची नकाशावर आधीच आखणी करता येऊ लागली.

फालांगेच्या मंडळींनी एक मोठी लबाडी केली आणि माझ्या मते खेळ तिच्यामुळेच चालला. खेळातल्या 'कर्बिन' या ग्रहाची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर ठेवली, पृथ्वीची ६,३७१. गुरुत्व मात्र पृथ्वीइतकंच. हिशोब केला तर हा ग्रह लोखंडाच्या सातपटीहून जास्त घन निघतो, असा पदार्थ पृथ्वीवर तरी नाही. पण फायदा बघा. पृथ्वीभोवती खालच्या कक्षेत जायला, हवेचे आणि चढणीचे तोटे धरून, सेकंदाला सुमारे ९,४०० मीटर एवढ्या वेगाची पुंजी लागते. कर्बिनवर ३,४०० च्या आसपास. झिओल्कोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १९०३ मध्ये मांडलेल्या रॉकेटच्या समीकरणात दोन्ही आकडे घाला आणि धुराचा वेग सेकंदाला ३,००० मीटर धरा. पृथ्वीवर कक्षेत एक टन पोचवायला जमिनीवर २३ टन उभे करावे लागतात, कर्बिनवर साधारण तीन. पृथ्वीच्या त्या एका टनात टाक्या, इंजिनं, सगळं आलं. तिथे नवशिक्याला चूक करायला जागाच उरत नाही. कर्बिनवर बेढब, वजनदार, हौसेने बांधलेलं रॉकेटही कक्षेत जातं.

हवेच्या बाबतीत मात्र सुरुवातीची लबाडी अंगाशी आली. जुन्या आवृत्त्यांत हवेचा विरोध यानाच्या आकारावर नव्हे, वजनावर ठरायचा. म्हणजे टोकदार टोपी लावली तर उलट विरोध वाढायचा. लोकांनी त्या नियमांत बसणारी रॉकेटं शोधून काढली. रुंद, पसरट, मधल्या टाकीभोवती टाक्यांचं कडं आणि बाहेरच्या टाक्यांतून आत इंधन वाहतंय. स्पेसएक्सने फाल्कन हेवीसाठी असंच टाकीतून टाकीत इंधन देण्याचा विचार केला होता, पण पुढे सोडून दिला. एप्रिल २०१५ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती आली आणि हवा हवेसारखी वागायला लागली. वर्षानुवर्षं उडणारी पसरट रॉकेटं एका रात्रीत उलटी व्हायला लागली, परतताना यानं तापू लागली आणि निळ्या गोळ्याकडे बघणं भाग पडलं.

दुसरं दुखणं 'क्राकेन'चं. काहीही कारण नसताना दूर अंतराळात यान थरथरून फुटायचं आणि खेळाडूंनी त्याला समुद्री राक्षसाचं नाव देऊन टाकलं होतं. कारण साधं होतं. खेळ यानाची जागा ज्या आकड्यांत मोजतो, त्यांत संगणक सातेक अंकच नेमके धरतो. जिथून अंतरं मोजायची त्या मूळबिंदूपासून यान लांब गेलं की मिलिमीटर-सेंटिमीटरचा हिशोब हरवतो आणि शेजारशेजारचे भाग एकमेकांवर आदळतात. उपायही तितकाच साधा: यान हलवण्याऐवजी मूळबिंदूच यानासोबत न्यायचा आणि विश्व मागे सरकवायचं.

या काळात इकडे मंगळयान गेलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये ते निघालं तेव्हा त्याला नेणाऱ्या पीएसएलव्ही रॉकेटकडे थेट मंगळाकडे फेकण्याइतका जोर नव्हता. म्हणून पृथ्वीभोवती लांबट कक्षेत ठेवून, दर वेळी जवळच्या बिंदूपाशी इंजीन पेटवत कक्षा ताणत नेली. चौथ्या खेपेला एक लाख किलोमीटरचं लक्ष्य असताना ती ७८ हजारांवरच थांबली. दुसऱ्या दिवशी पुन्हा धक्का देऊन एक लाख १८ हजारांपलीकडे नेली. कमी ताकदीचं इंजीन घेऊन निघालेला खेळाडू अगदी हेच करतो. पृथ्वीजवळ, वेग सर्वांत जास्त असताना जाळलेलं इंधन जास्त कामी येतं, हे पुस्तकात वाचून विसरलं जातं; दोन यानं सूर्याभोवती भरकटून गमावली की विसरत नाही.

भाचा कलाभवनात पहिल्या वर्षाला आहे. सयाजीरावांनी १८९० मध्ये हाताने करून शिकण्यासाठी काढलेली ही संस्था, आणि आजही तिथे कानस हातात देऊन लोखंडाचा चौकोन घासायला लावतात. जास्त घासला गेला की तुकडा वाया, दुसरा घ्या, पुन्हा पहिल्यापासून. खेळात त्यासाठी एक बटण आहे: उड्डाण रद्द, परत शेडमध्ये.

पंख खाली आले. पाचव्या खेपेला रॉकेट सरळ गेलं, सत्तर किलोमीटरची हवेची हद्द ओलांडली, आडवं झालं, कक्षेत बसलं. भाच्याने टाळी दिली आणि मग परतीची तयारी करताना गप्प झाला. पॅराशूट लावायचं राहिलं होतं. तीन कर्बल वर आणि खाली यायची सोय नाही. रद्दचं बटण होतं, पण ते त्याने दाबलं नाही. त्यांना आणायला दुसरं यान बांधायला घेतलं. साडेबाराला ताईने आतून हाक मारली तेव्हा शेडमध्ये दुसरं रॉकेट उभं होतं, अजून बिनपंखांचं, आणि भाचा आधी पॅराशूट लावत होता.